रक्त न गोठूं देणारीं औषधें : घरच्यांनीं जाणावें असें कांहीं

आमच्या घरीं रात्रीं निजानीज झाली म्हणजे दोन घड्याळांची टिकटिक ऐकूं येते. एक माजघरांतील भिंतीवरचें, वडिलांच्या वेळचें. दुसरें आमच्या वडील बंधूंच्या छातींतलें. दादांना लहानपणीं सांधेताप आला होता. तो सांध्यांतून निघून गेला, पण जातां जातां हृदयांतील एका झडपेवर आपली खूण ठेवून गेला. ती झडप वयाबरोबर आखडत गेली व अखेर १९९८ सालीं पुण्यास शस्त्रक्रिया होऊन तिच्या जागीं कृत्रिम झडप बसविण्यांत आली. ही झडप तिरुवनंतपुरम् येथील श्रीचित्रा संस्थेनें सिद्ध केलेल्या जातीची, म्हणजे आपल्याच देशांत घडलेली; त्या जातीची पहिली झडप १९९० च्या डिसेंबरांत तेथेंच एका रोग्यास बसविण्यांत आली होती. धातूच्या कड्यांत एक लहानशी चकती उघडते व मिटते, तिचा तो आवाज. नातवंडें लहान असतांना आजोबांच्या छातीला कान लावून हें घड्याळ ऐकत असत.

झडपेबरोबर एक गोळीही दादांच्या वांट्यास आली. शरीराबाहेरच्या कोणत्याही पदार्थाशीं गांठ पडली कीं रक्त तेथें गोठूं पाहतें. तशी गुठळी झडपेवर धरली तर चकती अडकून बसते, किंवा गुठळीचा तुकडा सुटून मेंदूंत गेला तर अर्धांगवायूचा झटका येतो. म्हणून रक्ताची गोठण्याची शक्ति कमी ठेवणारी असेनोकूमॅरॉल नांवाची गोळी दादा रोज सायंकाळीं घेतात. पंचवीस वर्षांहून अधिक काळ ही गोळी आमच्या घरांत आहे, आणि तरीही गेल्या वर्षींच्या श्रावणापर्यंत तिचा स्वभाव आम्हां कोणास नीट कळला नव्हता, हें लिहितांना मला लाज वाटते. मी जन्मभर मुलांना शिकविलें. घरच्या माणसाच्या औषधाचा अभ्यास मात्र केला नाहीं.

प्रथम शब्दाची गोष्ट. ‘रक्त पातळ करण्याची गोळी’ असें सगळेच म्हणतात, डॉक्टरही म्हणतात. परंतु ताकांत पाणी घालावें तसें रक्त ह्या गोळीनें पातळ होत नाहीं. रक्ताचा दाटपणा होता तेवढाच राहतो. फक्त जखम झाली असतां तें गोठावयास जो वेळ लागतो तो वाढतो. हा भेद व्याकरणाचा कीस काढण्यासाठीं सांगत नाहीं. ‘पातळ’ ह्या शब्दानें आमच्या वहिनींची अशी समजूत झाली होती कीं, ह्यांचें रक्त पातळ म्हणजे अशक्त झालें, तें पुन्हां दाट केलें पाहिजे; आणि दर हिंवाळ्यांत डिंकाचे लाडू ह्या कामीं लागत. लाडवांनीं कांहीं बिघडलें नाहीं. पण चुकीच्या शब्दांतून चुकीची समजूत व चुकीच्या समजुतींतून चुकीचा उपाय कसा निघतो, तें पुढें दिसेलच.

गोळीचा अंमल मोजण्याची रीत अशी : रक्ताचा नमुना घेऊन तो गोठण्यास लागणारा वेळ पाहतात व निरोगी माणसाच्या रक्ताच्या वेळेशीं ताडतात. ह्या तुलनेच्या आंकड्यास आय. एन. आर. म्हणतात. औषध न घेणाऱ्या माणसाचा आंकडा १ च्या आसपास असतो. दादांचा अडीच ते साडेतीन ह्यांमध्यें राहावा अशी डॉक्टरांची आज्ञा आहे. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून जे हीच किंवा वॉर्फरिन नांवाची गोळी घेतात, त्यांचा बहुधा दोन ते तीन. आंकडा खालीं घसरला तर गुठळीचें भय, वर चढला तर रक्तस्रावाचें. मधली वाट अरुंद आहे व ती प्रत्येकाची निराळी असल्यामुळें शेजाऱ्याची मात्रा आपणांस उपयोगी पडत नाहीं.

आतां गेल्या श्रावणाची हकीकत. दादा-वहिनी चातुर्मासाचे नियम पाळतात : श्रावणांत भाजीपाला, भाद्रपदांत दहीं, आश्विनांत दूध व कार्तिकांत द्विदल धान्यें वर्ज्य. एरवीं आमच्या घरीं पालक, मेथी, चाकवत, अळू ह्यांवांचून आठवडा जात नाहीं. श्रावण लागतांच तीं बंद झालीं. त्यांतच सततच्या पावसानें दादांचे गुडघे धरले. लेक व जांवई चार दिवस राहावयास आलीं होतीं. सासऱ्यांना जिना उतरतांना भिंत धरावी लागते हें पाहून जांवईबुवांनीं आपल्या पिशवींतलें डायक्लोफिनॅकच्या गोळ्यांचें पाकीट काढून दिलें. त्यांच्या स्वतःच्या कंबरेला तें उत्तम लागू पडत असे. मी तेथेंच झोपाळ्यावर बसलों होतों. मीं कांहीं विचारलें नाहीं. गुणही असा कीं दुसऱ्या दिवशीं दादा देवळांत चालत गेले.

सातव्या-आठव्या दिवशीं वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, ह्यांचा चेहरा पांढरा दिसतो, आणि पूजेला बसले कीं धांप लागते.” मीं दादांना खोदून विचारलें, तेव्हां कळलें कीं तीन दिवस त्यांना शौचास डांबरासारखें काळें व चिकट होत होतें. “अशी गोष्ट घरांत कोणापाशीं काढावी, नाना?” असें ते म्हणाले. ह्या संकोचानें त्यांचा प्राण जावयाचा. जठरांत रक्तस्राव झाला म्हणजे तें रक्त पचून काळें होतें व खालीं उतरतें. तांबडें कांहीं दिसत नाहीं म्हणून माणूस गाफील राहतो. सातारच्या रुग्णालयांत नेलें तेव्हां आय. एन. आर. ६ च्या वर गेला होता. दुर्बीण घालून पाहिलें तों जठरांत व्रण, व तो वाहत होता. रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या.

तेथील डॉक्टरांनीं मला कारण समजावून सांगितलें. माणूस मोठा शांत. फळ्यावर लिहावें तसें कागदावर लिहून सांगे. रक्त गोठविणारे कांहीं घटक यकृतांत तयार होतात, व ते तयार होण्यास ‘के’ नांवाचें जीवनसत्त्व लागतें. (डेन्मार्कच्या हेन्रिक डाम ह्यांनीं तें शोधलें, गोठण्याच्या क्रियेस त्यांच्याकडे जो शब्द आहे त्याचें आद्याक्षर ‘के’, म्हणून हें नांव. १९४३ सालचें नोबेल पारितोषिक त्यांना व अमेरिकेच्या डॉइझी ह्यांना ह्या कामासाठीं मिळालें.) दादांची गोळी ह्या जीवनसत्त्वाचें कार्य अडविते. हिरव्या पालेभाज्यांत तें विपुल असतें. म्हणजे वर्षभर दादांची मात्रा ठरली होती ती पालेभाजी धरून. श्रावणांत भाजी गेली, मात्रा तीच राहिली, आणि आंकडा चढला. त्यावर पडली वेदनाशामक गोळी. अशा गोळ्या जठराच्या आंतील अस्तराचें रक्षण कमी करतात, शिवाय रक्तांतील प्लेटलेट नांवाच्या ज्या सूक्ष्म कणिका जखमेच्या तोंडाशीं प्रथम धांवून जातात, त्यांनाही मंद करतात. एकीकडे भोंक पाडावयाचें व दुसरीकडे तें बुजविणाऱ्या गवंड्यास सुट्टी द्यावयाची, असा हा प्रकार. व्रत निर्दोष, जांवई निर्दोष, औषधही निर्दोष. तिघांची एका घरांत गांठ पडली आणि ती कोणीं पाहिली नाहीं.

मीं विचारलें, मग जीवनसत्त्व ‘के’ भरपूर टोंचून मोकळे कां होत नाहीं? डॉक्टर म्हणाले, कृत्रिम झडपेच्या माणसास तेंही मोजूनमापूनच द्यावें लागतें. एकदम रक्त गोठूं लागलें तर झडपच बंद पडावयाची. त्या क्षणीं मला प्रथम उमगलें कीं दादा दोन दरडींमधून चालत आहेत व एकीपासून दूर पळणें म्हणजे दुसरीवर आदळणें.

दादा घरीं आले. गोळी पुन्हां थोड्या मात्रेनें सुरू झाली. येथें गोष्ट संपावयास हरकत नव्हती. परंतु घरांत भीति शिरली होती. समाचारास येणारा प्रत्येकजण कांहीं ना कांहीं सांगून जाई. आमच्या चुलत घराण्यांतला एक हुशार मुलगा मोबाइलवर वाचून म्हणाला, “काकू, ह्या जातीची गोळी म्हणजे मूळचें उंदरांचें विष!” तो बोलून निघून गेला. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत.

तीनएक आठवड्यांनीं मी सहज औषधांचा डबा आवरीत होतों. मास्तरकीमुळें मोजण्याची खोड मोठी. ज्या पाकिटांत सहा गोळ्या उरावयास हव्या होत्या, त्यांत पंधरा होत्या. वहिनींना विचारलें. बराच वेळ त्या पदराचें टोंक पिळीत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “ज्यानें उंदीर मरतात तें मी ह्यांना रोज हातानें कशी देऊं, भाऊजी?” नऊ दिवस त्या दादांच्या हातावर शक्तीची दुसरी कसलीशी गोळी ठेवीत होत्या. वहिनींनीं दिलेली गोळी चष्म्याशिवाय गिळून टाकण्याची दादांची जुनी संवय. मीं रागावण्यासाठीं तोंड उघडलें, पण त्यांच्या डोळ्यांकडे पाहून मिटलें. सत्तरी गांठलेल्या ह्या बाईनें आठ दिवस रुग्णालयाच्या बांकावर काढले होते. शिवाय त्या मुलानें सांगितलेलें खोटें नव्हतें, अर्धें होतें.

त्याच सायंकाळीं दादांना पुन्हां सातारला नेलें. आय. एन. आर. १.२. यंत्रानें झडप पाहिली. सुदैवानें चकती मोकळी होती. नुकताच व्रण वाहून गेलेला, म्हणून घरीं न पाठवितां तेथेंच ठेवून, पोटाच्या कातडींत हेपॅरिनचीं इंजेक्शनें देत देत, गोळीचा अंमल पुन्हां बसेपर्यंत थांबावें लागलें. त्या दिवसांत वहिनींना मीं उरलेली अर्धी गोष्ट सांगितली. ती वाचकांसही सांगतों, कारण अर्धी गोष्ट आतां घरोघर पोंचली आहे.

१९२० नंतरच्या सुमारास कॅनडांत व अमेरिकेच्या उत्तर भागांत गुरें विचित्र रीतीनें मरूं लागलीं. शिंगें कापण्यासारख्या किरकोळ जखमेंतून रक्त वाहूं लागे तें थांबतच नसे. शोफील्ड नांवाच्या पशुवैद्यानें शोधून काढलें कीं, ‘स्वीट क्लोव्हर’ नांवाचा चारा ओला राहून बुरसला असतां तो खाणाऱ्या जनावरांस हें होतें. चांगल्या चाऱ्यानें होत नाहीं. शेतकऱ्यांना उपाय सांगितला, तो म्हणजे बुरसलेला चारा टाकून द्या. पण मंदीच्या दिवसांत चारा टाकून देणें कोणास परवडे? १९३३ च्या फेब्रुवारींत विस्कॉन्सिन प्रांतांतला एक शेतकरी बर्फाच्या वादळांतून मालमोटार हांकीत मॅडिसन येथील विद्यापीठांत आला. बरोबर एक मेलेली कालवड, बुरसलेला चारा, आणि दुधाच्या डब्यांत भरलेलें न गोठलेलें रक्त. त्याची गांठ कार्ल पॉल लिंक ह्या रसायनशास्त्रज्ञाशीं पडली. लिंक व त्यांचे शिष्य त्या चाऱ्याच्या मागें सहा वर्षें लागले, आणि १९३९ सालीं त्यांनीं रक्त न गोठूं देणारें द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. त्याच्याच धर्तीवर पुढें अधिक तीव्र द्रव्यें बनविलीं. त्यांतील एक १९४८ पासून उंदीर मारण्यासाठीं बाजारांत आलें. संशोधनास पैसा पुरविणाऱ्या संस्थेच्या नांवाचीं आद्याक्षरें घेऊन त्याचें नांव वॉर्फरिन ठेवलें.

आतां उरलेला अर्धा भाग. १९५१ सालीं अमेरिकेच्या सैन्यांत भरती झालेल्या एका तरुणानें आत्महत्येसाठीं हें उंदरांचें औषध बरेच दिवस खाल्लें. त्याला रक्त व जीवनसत्त्व ‘के’ दिलें आणि तो पूर्ण बरा झाला. त्यावरून वैद्यांच्या लक्षांत आलें कीं ह्या विषाला उतारा आहे, आणि ज्याला उतारा आहे तें मोजून देतां येतें. १९५४ सालीं माणसांसाठीं त्यास परवानगी मिळाली. १९५५ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हां त्यांनाही तेंच देण्यांत आलें. दादांची गोळी ही ह्याच कुळांतली धाकटी बहीण.

वहिनींनीं सगळें ऐकून घेतलें व एकच प्रश्न विचारला, “म्हणजे मोजण्यांत चूक झाली तरच विष?” मीं पस्तीस वर्षांत वर्गांत इतका नेमका प्रश्न ऐकल्याचें आठवत नाहीं.

तेव्हांपासून घरांत एक वही आहे. तींत रोजची गोळी दिल्यावर खूण होते, आणि आय. एन. आर.चा आंकडा व पुढील तपासणीची तारीख लिहिली जाते. दादांच्या खिशांतही झडपेचें व गोळीचें नांव लिहिलेली चिठ्ठी असते. रस्त्यांत चक्कर येऊन पडले तर परक्या डॉक्टरास तें कळावें. गोळी एखादे दिवशीं राहून गेली तर त्याच दिवशीं आठवेल तेव्हां द्यावी, पण दुसऱ्या दिवशीं दोन देऊं नयेत, असें आम्हांस सांगितलें आहे. दांत काढावयाचा असो वा दुसरी कसली शस्त्रक्रिया असो, गोळी बंद करावयाची कीं नाहीं हें हृदयाच्या डॉक्टरांस विचारल्यावांचून कोणीं ठरवूं नये. दंडांत किंवा कमरेंत खोल इंजेक्शन घेण्यापूर्वींही सांगावें, कारण स्नायूंत आंतल्या आंत रक्त सांठतें. अंग दुखलें तर पॅरासिटामॉल त्यांतल्या त्यांत बरी, पण तीही दिवसेंदिवस भरपूर घेतल्यास आंकडा चढवते. कांहीं प्रतिजैविकें व बुरशीवरचीं औषधें आंकडा फारच चढवितात. तेव्हां नवें औषध सुरू झालें कीं तपासणी लवकर करावी. स्वयंपाकांतल्या लसूण-हळदीचें भय नाहीं. त्यांचे अर्क व कॅप्सूल मात्र ‘निसर्गातलें आहे’ म्हणून न विचारतां देऊं नयेत. निसर्गातलें तर तें बुरसलेलें गवतही होतें!

खुणा कोणत्या पाहावयाच्या? काळ्या शौचाविषयीं लिहिलेंच आहे. लघवी तांबूस होणें, हिरड्यांतून वारंवार रक्त येणें, नाकांतलें रक्त दहा मिनिटें दाबून धरूनही न थांबणें, कारणावांचून अंगावर काळेनिळे डाग उठणें, ह्या वेळीं डॉक्टरांकडे जाण्यास उद्यांची वाट पाहूं नये. आणि सर्वांत महत्त्वाची ही : अशा माणसाचें डोकें न्हाणीघरांत किंवा पायरीवर आपटलें, तर वर टेंगूळ नसलें व माणूस हंसत-बोलत असला तरी त्याला रुग्णालयांत नेऊन दाखवावें. मेंदूंतला रक्तस्राव कांहीं तासांनीं, कधीं दिवसांनींही डोकें वर काढतो. एकाएकीं असह्य डोकेदुखी, वांती, बोबडी वळणें, एक हात लुळा पडणें ही त्याचीच लक्षणें असूं शकतात. ज्यांचें वय फार, रक्तदाब चढा, मूत्रपिंडें दुर्बळ, पूर्वीं रक्तस्राव झालेला, किंवा जे मद्य घेतात, त्यांना हें भय इतरांहून अधिक.

दादांच्या गोळीला आतां नवीं भावंडें आलीं आहेत : २०१० च्या सुमारापासून डॅबिगॅट्रान, रिव्हॅरॉक्सबान, एपिक्सबान वगैरे. त्यांना आय. एन. आर. लागत नाहीं, भाजीपाल्याचें बंधन नाहीं, व मेंदूंतील रक्तस्रावही त्यांनीं कमी होतो. मीं आनंदानें डॉक्टरांस विचारलें, दादांना तीच द्या कीं. पण कृत्रिम झडपेला तीं चालत नाहींत. डॅबिगॅट्रान तशा रोग्यांना देऊन पाहण्याचा एक प्रयोग मध्येंच थांबवावा लागला. गुठळ्याही अधिक झाल्या आणि रक्तस्रावही अधिक झाला. शिवाय ह्या औषधांचा अंमल दिवसभरांत ओसरतो, म्हणून एक वेळ चुकली तरी माणूस उघडा पडतो.

अ‍ॅस्पिरिनविषयीं थोडें लिहिलें पाहिजे, कारण नदीकांठच्या आमच्या पेन्शनरांच्या बैठकींत निम्मे लोक ती ‘हृदयाला बरी’ म्हणून आपल्या मनानें घेतात. ती प्लेटलेटांना निकामी करते, व त्या कणिका जगतात तोंवर, म्हणजे आठदहा दिवस, तो परिणाम टिकतो. ज्याला हृदयविकाराचा झटका येत आहे त्याला ती खरोखर जीवदान देते. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या, सतरा हजारांहून अधिक रोग्यांवरील मोठ्या प्रयोगांत तिनें पांच आठवड्यांतील मृत्यु सुमारें एकचतुर्थांशानें कमी झाले. हृदयाच्या रक्तवाहिनींत स्टेंट बसविलेल्यांना ती क्लोपिडोग्रेलसारख्या दुसऱ्या गोळीबरोबर देतात, आणि तीं दोन्ही रक्तस्रावाच्या भीतीनें परस्पर बंद केलीं तर स्टेंटच गुठळीनें बुजूं शकतो. पण ज्याला कांहींच झालेलें नाहीं अशा म्हाताऱ्याचें काय? ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील एकोणीस हजार निरोगी वृद्धांवर पाहणी करून २०१८ सालीं निष्कर्ष निघाला कीं, रोज अ‍ॅस्पिरिन घेणारे न घेणाऱ्यांहून अधिक काळ धडधाकट जगले नाहींत. मोठा रक्तस्राव मात्र न घेणाऱ्यांत शेंकडा २.८ जणांना, तर घेणाऱ्यांत ३.८ जणांना झाला. मीं हें बैठकींत सांगितलें तेव्हां दोघांनीं डॉक्टरांस विचारण्याचें कबूल केलें, आणि एक गृहस्थ माझ्याशीं बोलेनासे झाले.

यंदाचा श्रावण जवळ आला तेव्हां घरांत प्रश्न उभा राहिला. दादा नियम मोडावयास तयार नव्हते. पन्नास वर्षांचा नियम. मीं धर्मशास्त्र काढून बसणार होतों, कारण रोग्यास व्रतांत सवलत असतेच. पण वहिनींनीं तशी वेळ येऊं दिली नाहीं. नियम त्यांनीं दोघांच्या वतीनें स्वतः पाळला, आणि दादांच्या पानांत सोमवारीं व गुरुवारीं मेथी किंवा चाकवत, नेहमींइतकीच, वाटीनें मोजून वाढली. दादा पहिल्या दिवशीं कुरकुरले. वहिनी म्हणाल्या, “तुमचें व्रत आतां हें.” परवांच्या तपासणींत आंकडा २.९ आला. वहींत तो त्यांनीं आपल्या हातानें लिहिला आहे. पुढची तारीख एकादशीची येते म्हणून तिच्याखालीं एक रेघही ओढली आहे.